पाडकामाचं रॅबिट, म्हणजे डेब्रिज, जातं कुठे? पुनर्विकासाच्या करारात काय लिहून घ्यावं?

सायली_कु

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी चेंबूरला, १९७४ची. तळमजला अधिक तीन मजले, दोन विंग, ३२ घरं. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ ची, म्हणजे पुनर्विकासासाठी विकासक निवडायची, प्रक्रिया पार पडून विकासक ठरलाय आणि विकास करारनाम्याचा मसुदा वकिलांनी आमच्या हातात दिलाय. कार्पेट, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम), भाडं, बँक गॅरंटी यांवर सभासद शब्दन् शब्द वाचतायत. पाडकामाबद्दल मात्र अख्ख्या मसुद्यात एकच ओळ आहे: "पाडकामातून निघणारे सर्व साहित्य विकासकाच्या मालकीचे राहील व त्याची विल्हेवाट विकासक स्वखर्चाने लावेल."

सभेत मी विचारलं की विल्हेवाट म्हणजे नक्की कुठे? उत्तर मिळालं, तोडकामवाला बघून घेतो. हे उत्तर मला पटत नाही. पन्नास वर्षं आपण ज्या भिंतींच्या आत राहिलो त्या उद्या रात्री कुठल्या खाडीत ओतल्या जाणार असतील, तर त्याला आपणही जबाबदार आहोत असं मला मनापासून वाटतं. करारावर सह्या व्हायच्या आहेत, म्हणजे बोलायची वेळ हीच आहे.

बांधकाम क्षेत्र साधारण २,००० चौरस मीटर. विटांच्या भिंती, आरसीसी सांगाडा. विचारायचंय ते असं: एवढ्या इमारतीतून किती माल निघतो, त्याचं खरोखर काही होऊ शकतं का, आणि करारात काय लिहून घेतलं तर ते नुसतं कागदावर राहणार नाही?

सळईसिमेंट

सायलीताई, चांगला धागा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पुनर्विकासाची कामं नेहमी बघतो.

आधी वजन. टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक संस्थेने २००१ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरला जातो: पक्की इमारत पाडली तर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. म्हणजे तुमच्या २,००० चौ.मी.चे १,००० टन. डंपरमागे १६ टन धरले तर साठ-पासष्ट फेऱ्या. आणि हे फक्त वरच्या इमारतीचं. नव्या टॉवरच्या तळघरासाठी खोदाई झाली की माती-मुरूम वेगळा.

आता नियम. २०१६ च्या केंद्रीय बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी सांगितलं की दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने तो काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असा वेगवेगळा करायचा, काम सुरू करण्याआधी पालिकेकडून व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि वाहतूक-प्रक्रियेचा खर्च सोसायचा. तुमची इमारत या मर्यादेच्या कितीतरी वर आहे. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यांत २०,००० चौ.मी. किंवा जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी टाकली आहे, म्हणजे कचरा करणाऱ्यानेच त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी घ्यायची. तुमच्या जागी उभा राहणारा नवा टॉवर त्यात बसतो का, ते विकासकाकडून लेखी घ्या.

मुंबई पालिकेचे प्रक्रिया प्रकल्प दोन: पश्चिम उपनगरांसाठी दहिसरचा कोकणीपाडा, शहर आणि पूर्व उपनगरांसाठी शिळफाट्याजवळचं डायघर. प्रत्येकी रोज ६०० टन. दोन्ही मिळून १,२०० टन. तुमची एकटी इमारत म्हणजे दोन्ही प्रकल्पांचं जवळजवळ एका दिवसाचं काम. शहरात एका वेळी किती इमारती पडतायत ते आजूबाजूला हिरवी कापडं मोजली तर कळेल.

अनिकेत३२

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास सात वर्षं रखडलाय. अशा वेळी विकासकापुढे आणखी एक अट ठेवणं म्हणजे त्याला दर कमी करायला कारण देणं. शेवटी पैसे सभासदांच्याच कॉर्पसमधून जाणार. डेब्रिज कुठे जातं हे बघणं पालिकेचं आणि पोलिसांचं काम आहे. म्हातारी माणसं भाड्याच्या घरात दिवस काढतायत, त्यांना आधी घरी आणूया.

तिवरवन

अनिकेतदादा, तुमची काळजी खरी आहे. पण ते डेब्रिज जिथे पडतं तिथे मी जाते, म्हणून लिहिते.

ठाणे खाडीच्या काठाने जे कच्चे रस्ते आत जातात त्यांच्या टोकाला पहाटे गेलात तर ताजे ढीग दिसतात. निळ्या डिस्टेंपरचे तुकडे, बाथरूमच्या टाइल्स, देवघराच्या कोनाड्याचा संगमरवर. कोणाचं तरी घर असतं ते. तिवराची झाडं श्वास घेतात ती चिखलातून वर आलेल्या बोटाएवढ्या मुळांतून. त्यांवर दोन फूट भराव पडला की झाड तोडावं लागत नाही, उभ्या उभ्या वाळतं. भरावाच्या मागच्या बाजूला भरतीचं पाणी पोचत नाही, तिथलंही मरतं. मग जागा कोरडी पडते, वर मुरूम येतो, पत्र्याची शेड येते, आणि काही वर्षांनी इथे कांदळवन होतं हे सिद्ध करायला जुने उपग्रहाचे फोटो शोधत बसावं लागतं.

उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की कांदळवनाचा नाश हा घटनेच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या अधिकाराचा भंग आहे. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही भराव चालत नाही. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. नवी मुंबईत डेब्रिजविरोधी भरारी पथकं फिरतात, गाड्या पकडतात, दंड करतात. पण पथक पोचेपर्यंत हायवा (मोठा डंपर) रिकामा होऊन गेलेला असतो, आणि चिखलात पडलेला माल कोणी परत उचलत नाही.

सायलीताई, नकाशा उघडून बघा. चेंबूरहून डायघरला जायचं तर गाडी वाशीचा खाडीपूल ओलांडून महापेमार्गे शिळफाट्याला जाते. म्हणजे प्रक्रिया केंद्राच्या वाटेवरच खाडी आहे. चालकाला मध्येच गाडी रिकामी केली की डिझेल वाचतं, रांग वाचते, केंद्राचं शुल्क वाचतं. ज्याला फेरीवर पैसे मिळतात त्याच्यासमोर हा मोह रोज उभा असतो. पोलिसांनी एकेका गाडीमागे जाणं शक्य नाही. गाडी निघते ते तुमच्या गेटमधून, तिथे थांबवणं शक्य आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीचं पात्र काय काय टाकून किती अरुंद झालं होतं ते सगळ्या शहराने पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना घरी आणायचंच आहे, दादा. ते घर पाण्यात जाऊ नये म्हणूनच हे बोलणं.

तोडकामवाला_ठाणे

या धंद्यात वडिलांपासून आहे. इथली चर्चा वाचून राहवलं नाही.

लोकांना वाटतं इमारत पाडणं म्हणजे पोकलेन आणला की धाडधाड. इमारत रिकामी झाली की आधी आमची माणसं आत शिरतात. दरवाजे, चौकटी, ग्रिल, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, कमोड, नळ, तांब्याच्या वायरी, किचनचे ओटे. या प्रत्येक गोष्टीला गिऱ्हाईक आहे. जुन्या लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेलणाऱ्या, इमारतीत सागवानी तुळया निघतात, त्या तर पाडकामाच्या आधीच विकलेल्या असतात. नंतर स्लॅब फोडला की सळई. ती कापून, वेगळी करून भंगारात जाते, तिथून वितळवायला. यातला एक किलोसुद्धा कोणी फेकत नाही. म्हणूनच ज्या इमारतीत लोखंड किंवा लाकूड भरपूर असेल तिथे तोडकामवालाच उलट विकासकाला पैसे देतो.

मग उरतं काय? ज्याला भाव नाही ते. विटा, गिलावा, टाइल्स, काँक्रीट. त्यात मिसळलेलं पीओपी, थर्माकोल, प्लायवूडचे तुकडे, जुन्या गाद्या, काच. लोक घर सोडताना काय काय मागे ठेवून जातात ते बघवत नाही. हे सगळं पोकलेनच्या एका बकेटमध्ये येतं आणि एकाच डंपरमध्ये पडतं. रिसायकलिंग तिथेच संपतं. डायघरला नेलं तरी तो मिसळलेला माल आहे. त्यातून चांगली खडी निघत नाही, पेव्हर ब्लॉकसुद्धा हलक्या दर्जाचा होतो.

आता खर्चाचं. वेगळं करायला जास्त माणसं लागत नाहीत, जास्त दिवस लागतात. आतलं सगळं, म्हणजे पीओपी, फर्निचर, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंगचे थर, हे मशीन लावायच्या आधी हाताने काढलं, त्यानंतर भिंती आणि त्यानंतर सांगाडा, असं क्रमाने केलं तर विटेचा ढीग वेगळा आणि काँक्रीटचा वेगळा आपोआप होतो. तुमच्यासारख्या इमारतीला साधारण आठ-दहा दिवस वाढतील. विकासकाला ते दिवस नको असतात, कारण त्याचं व्याज चालू असतं. आम्हाला मुदत दिली तर आम्ही करतो. मुदतच मिळत नाही, आणि मग नाव आमचं खराब होतं.

सायली_कु

तोडकामवालेदादा, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

दोन प्रश्न. एक, आमच्याच प्लॉटवर छोटा क्रशर आणून माल तिथेच फोडता येईल का? वाहतूकच वाचेल. दोन, ती खडी आमच्याच नव्या इमारतीत वापरली तर इमारत कच्ची होईल अशी भीती दोन-तीन सभासदांनी आत्ताच बोलून दाखवली आहे. त्यांना काय सांगू?

सळईसिमेंट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

आयएस ३८३ हे खडी-वाळूचं भारतीय मानक. २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला त्यात रीतसर जागा मिळाली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ ग्रेडपर्यंतच (आकडा जेवढा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत), एम-१५ च्या खालच्या पीसीसीत, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये, १०० टक्के. विटा-गिलावा मिसळलेल्या मालाला सळईच्या कामात अजिबात परवानगी नाही, फक्त खालच्या ग्रेडच्या पीसीसीत.

तुमच्या टॉवरचे कॉलम एम-२५ च्या बरेच वरचे असतील. म्हणजे ही खडी तिथे जाणारच नाही. सभासदांना एवढं सांगा की ज्याच्यावर तुमचं घर उभं राहणार त्या सांगाड्यात जुना माल घालायला मानकच परवानगी देत नाही, आणि तशी मागणी कोणी करतही नाहीये. तिच्या जागा वेगळ्या आहेत: पायाखालचं पीसीसी, तळमजल्याच्या फरशीखालचं सोलिंग (दगडांचा थर), आवारातला रस्ता, गटाराचा तळ, कंपाउंडलगतचा भराव, पेव्हर ब्लॉक. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १२१ ही मार्गदर्शिका २०१७ पासून आहे.

मर्यादा का आहेत तेही समजून घ्या. आपल्याकडची ताजी खडी काळ्या दगडाची, ती जेमतेम एक-दोन टक्के पाणी शोषते. जुन्या काँक्रीटच्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र, त्यामुळे शोषण चार-पाच टक्के किंवा जास्त. हे लक्षात न घेता मिक्स केलं तर खडीच काँक्रीटमधलं पाणी पिते आणि माल घट्ट होतो, मग साइटवरचा मुकादम वरून पाणी ओततो आणि ताकद गेलीच. खडी आधी भिजवून घेतली तर हा प्रश्न बराच सुटतो. दुसरा शत्रू पीओपी. त्यातलं सल्फेट सिमेंटशी रासायनिक क्रिया करून फुगतं आणि काँक्रीटला आतून तडे देतं. तोडकामवालेदादांनी पीओपी आधी हाताने काढण्याबद्दल लिहिलं, त्याचं महत्त्व इथे आहे. मिसळलेल्या ढिगातून पीओपीची भुकटी नंतर कोणतंही मशीन पूर्णपणे काढू शकत नाही. तिसरा क्षार: खाडीकाठच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड मुरलेलं असतं, म्हणून सळईच्या कामाआधी त्याची चाचणी लागतेच.

पहिला प्रश्न. तांत्रिकदृष्ट्या येतं. पोकलेनला लावायचा क्रशर बकेट मिळतो, चाकांवरचे क्रशरही आहेत. पण चेंबूरच्या गल्लीत, तीन बाजूंना दहा-पंधरा फुटांवर शेजारची घरं असताना, मी तो आणू देणार नाही. धूळ आणि आवाज दोन्ही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि क्रशर ती कुठच्या कुठे ओलांडतो. शेजारी दम्याचा एखादा पेशंट असला तर आपण त्याच्या छातीवर आपलं रिसायकलिंग करतो आहोत असं होईल. मोठ्या म्हाडा वसाहतीत, मधोमध जागा असेल तर विचार करता येतो. तुमच्या प्लॉटवर फक्त वेगळं करा. फोडणं केंद्रावर होऊ दे.

शिवाय पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत पाडकाम चालू असताना इमारत वरपासून खालपर्यंत कापडाने झाकणं आणि सतत पाणी मारणं सांगितलंय. ते मशीनशिवायही पाळायचंच आहे.

वाडेकर_कसबा

पुण्याहून लिहितोय. आमच्याकडे याला राडारोडा म्हणतात आणि त्याची जागा वर्षानुवर्षं मुळा-मुठेचा काठ हीच राहिली. आता वाघोलीला पालिकेचा प्रकल्प आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. तरीही नदीपात्रातल्या रस्त्याने गेलं की ढीग दिसतात आणि जीव तुटतो.

मला मात्र वेगळं काही सांगायचंय. आमच्या पेठेतला वाडा उतरवला तेव्हा विटा अख्ख्या निघाल्या. कारण चुना. चुन्याचा दर्जा, म्हणजे विटांमधला सांधा, विटेपेक्षा मऊ असतो, थापीने ठोकलं की वीट सुटते, घासली की पुन्हा लावायला तयार. सिमेंटच्या दर्जात बसवलेली वीट सुटत नाही, फुटते. वाड्याचे दगडी जोते, खांबांच्या तळखड्या, सागवानी तुळया सगळं कुठे ना कुठे पुन्हा लागलं. फुटक्या विटाही वाया जात नसत. चुन्याबरोबर त्यांची भुकटी घाण्यात मळून सुरखी व्हायची, तिच्यामुळे चुना पाण्यातही धरतो. गच्चीवर उतार काढायला आपण आजही ब्रिकबॅट कोबा करतो, तो फुटक्या विटांचाच ना? म्हणजे पाडलेल्या भिंतीतून नवी गच्ची करणं आपल्या गवंड्यांना मुळीच परकं नव्हतं. ते सुटलं, कारण घाई वाढली आणि एका इमारतीत वीसेक प्रकारचं साहित्य आलं.

सायलीताई, १९७४ची इमारत सिमेंटची असणार, पण जिने आणि पॅसेजमध्ये शहाबादी किंवा कडप्पा असेल तर तो आधी काढून घ्या. नव्या आवारात बाकांना, पायवाटेला कामी येईल. सभासदांनाही आपल्या जुन्या घराचं काही तरी पायाखाली राहिल्याचं समाधान.

गौरी_माहीम

इमारत पाडण्याबद्दल सगळे बोलतायत, पण मला वाटतं घरांच्या दुरुस्तीतून निघणारं डेब्रिज जास्त लपतं. आमच्या इमारतीत दर महिन्याला कोणाचं तरी बाथरूम फुटत असतं. गोणी भरून रात्री झाडाखाली किंवा कचराकुंडीशेजारी ठेवल्या जातात. बिगाऱ्याला विचारलं तर म्हणतो, मॅडम, ठेकेदाराने गाडीचे पैसे दिले नाहीत.

सळईसिमेंट

गौरीताई, अगदी बरोबर. त्याच टायफॅकच्या ठोकताळ्याने दुरुस्तीत चौरस मीटरला ४० ते ५० किलो निघतात. ५० चौ.मी.चं घर पूर्ण नवं केलं तर दोन-अडीच टन. पालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा याचसाठी आहे. वॉर्ड ऑफिसला कळवायचं, गाडी येते. सोसायटीने एवढाच ठराव करावा: दुरुस्तीची परवानगी देतानाच डेब्रिजच्या नोंदणीची पावती मागायची, नाहीतर अनामत परत नाही. आमच्याकडे हे चालू केल्यापासून झाडाखालच्या गोणी बंद झाल्या.

दिगंत_सिंगापूर

मी सिंगापूरला बांधकाम क्षेत्रात आहे. इथे पाडकामाचा जवळजवळ सगळा माल पुन्हा वापरला जातो. त्यामागे मोठी सक्ती आहे ती भूगोलाची. स्वतःचा दगड-वाळू फारसा नाही. २००७ मध्ये इंडोनेशियाने वाळूची निर्यात थांबवली तेव्हा बांधकामं अडली होती. आणि कचरा पुरायला समुद्रातलं सेमाकाऊ हे एकच ठिकाण, १९९९ पासून. त्यामुळे फुटलेलं काँक्रीट इथे माल आहे.

मुंबईत मला अडचण हीच दिसते. पनवेल, उरण, ठाण्याच्या डोंगरांतून ताजी खडी सहज मिळते. त्या डोंगराची किंमत कोणीच भरत नाही, म्हणून नवी खडी स्वस्त आणि जुनी महाग वाटते. २०१६ च्या नियमांत सरकारी आणि पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के पुनर्प्रक्रियेचा माल वापरायची तरतूद होती. पालिकेने स्वतःच्या फुटपाथांसाठी तो खात्रीने विकत घेतला, तर डायघरच्या गेटवर गाड्या आपण होऊन येतील. दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये देशात जेमतेम १ टक्का माल पुन्हा वापरात येतो असं म्हटलं होतं, आणि दिल्लीत बुराडीचा प्रकल्प तर २००९ पासून चालू होता. प्रकल्प उभारून थांबलं की असं होतं. निघालेला माल कोण घेणार हे आधी ठरायला हवं.

अनिकेत३२

तिवरवन ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमची इमारतही खाडीपासून फार लांब नाही.

विरोध मागे घेतो असं नाही, पण प्रश्न बदलतो. समजा अट घातली. ती पाळली गेली की नाही हे बघणार कोण? कमिटीतले सगळे तेव्हा भाड्याच्या घरात विखुरलेले असतील, कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला. गेटवर उभं कोण राहणार?

तोडकामवाला_ठाणे

अनिकेतभाऊ, उभं राहायची गरज नाही. कागद उभा करा.

प्रत्येक गाडी साइटवरून निघताना चलन फाटतं: गाडी नंबर, वेळ, मालाचा प्रकार. केंद्रावर काटा आहे, तिथे भरलेलं आणि रिकामं वजन होऊन पावती मिळते. चलन आणि काट्याची पावती यांची जोडी लागली पाहिजे. चेंबूरहून रात्री अकराला निघालेली गाडी डायघरला पहाटे चारला पोचली, तर मधल्या वेळाचा हिशोब मागा. साठ गाड्या निघाल्या आणि चाळीस पावत्या आल्या, तर वीस गाड्या कुठे गेल्या ते विचारा. एका माणसाने मोबाइलवर फोटो मागवून घरबसल्या करायचं काम आहे.

आणि पैसे त्याला बांधा. नुसतं 'नियमांचे पालन करावे' लिहिलं तर कोणी वाचत नाही. तोडकामवाल्याची अनामत विकासकाकडे असतेच. ती पावत्यांची जोडी पूर्ण झाल्याशिवाय सुटणार नाही एवढं लिहिलं की आमच्यासारख्यांना बरंच होईल. आज जो प्रामाणिकपणे केंद्रावर माल नेतो त्याचा दर जास्त येतो आणि काम खाडीत ओतणाऱ्याला मिळतं. सगळ्यांना एकच अट असेल तर आम्हीही टिकू.

सायली_कु

तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांवरून रात्री बसून मसुदा केलाय. वकिलांना द्यायच्या आधी इथे टाकते, त्रुटी सांगा.

"पाडकाम सुरू करण्यापूर्वी विकासक पालिकेने मंजूर केलेल्या कचरा व्यवस्थापन आराखड्याची प्रत सोसायटीस देईल. यंत्राने पाडकाम करण्यापूर्वी पीओपी, लाकूड, प्लास्टिक, काच व सर्व अंतर्गत साहित्य हाताने उतरवून वेगळे करण्यासाठी किमान दहा दिवसांची मुदत राखून ठेवण्यात येईल. काँक्रीट व विटा-गिलावा यांचे ढीग व वाहतूक वेगवेगळी राहील. सर्व माल फक्त पालिकेने नेमून दिलेल्या प्रक्रिया केंद्रावरच जाईल. प्रत्येक फेरीचे चलन व केंद्राच्या वजनकाट्याची पावती आठवड्यातून एकदा सोसायटीच्या नियुक्त प्रतिनिधीस पाठवली जाईल. पाडकाम ठेकेदाराची अनामत रक्कम सर्व पावत्या जुळल्यानंतरच मुक्त केली जाईल. नवीन प्रकल्पातील पीसीसी, सोलिंग व आवारातील पेव्हर ब्लॉक यांसाठी मानकांनुसार पुनर्प्रक्रियेचे साहित्य प्राधान्याने वापरले जाईल."

शहाबादीचं वाडेकरकाकांनी सुचवलेलं वेगळ्या कलमात घातलंय. जिन्याच्या फरशा आमच्याच आहेत हे वाचून आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

सळईसिमेंट

उत्तम झालंय. दोन दुरुस्त्या. "प्राधान्याने" हा शब्द काढा, त्यातून पळवाट निघते. त्याऐवजी "प्रकल्पाच्या स्ट्रक्चरल सल्लागाराने लेखी कारण देऊन नाकारले नसल्यास" असं घाला. आणि "पालिकेने नेमून दिलेल्या" याच्या पुढे केंद्राचं नाव लिहा, नंतर बदल झाला तर लेखी संमतीने.

एक गोष्ट राहिली, ती सगळ्यात महत्त्वाची. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची शेड, पार्किंगचं छप्पर, मागचं मीटर रूम, यांवर जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे आहेत का? त्या काळातले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असणारच असं धरा. ते फुटले की तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात, आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. ते या मालात अजिबात मिसळता कामा नयेत. ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि घातक कचऱ्याच्या सुविधेकडेच पाठवायचे. तळोज्याला ती आहे.

सायली_कु

पार्किंगवर आहेत. सतरा-अठरा पत्रे असतील, दोन फुटलेलेही. मुलं तिथेच क्रिकेट खेळतात. उद्याच त्या भागात दोरी बांधून घेते.

तोडकामवाला_ठाणे

ताई, ते पत्रे घरं रिकामी व्हायची वाट बघत ठेवू नका. सामान हलवायला टेम्पो पार्किंगमध्येच शिरणार, धक्क्याने आणखी फुटतील. आधी पत्रे, मग टेम्पो. उतरवणाऱ्या माणसांना साधा रुमाल चालत नाही, एन-९५ही पुरेसा नाही, पी-१०० दर्जाचा मास्क द्या, आणि काम संपल्यावर कपडे तिथेच धुवायला पाण्याची सोय ठेवा, नाहीतर ती धूळ त्यांच्या घरी पोरांपर्यंत जाते. करारात हे कलम पाडकामाखाली नको, सर्वात आधी, जागा रिकामी करण्याच्या कलमाखाली घाला.